आजचं वचन आणि सत्तर वर्षं

मोहरीचा दाणा

गेल्या चार महिन्यांत मला फोनवर बायबलातलं यिर्मया २९:११ तेवीस वेळा आलंय. मोजलंय मी. कधी मागे डोंगर, कधी सूर्योदय, एकदा तर चक्क धावणारा घोडा. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत, आशा देणारे आहेत, असं देव म्हणतो ते वचन. मंडळीतले लोक पाठवतात, नातेवाईक पाठवतात, दहा वर्षांत एकदाही न बोललेले वर्गमित्र पाठवतात. कारण बाबा आजारी आहेत आणि बरे होणारे नाहीत. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, आता त्रास कमी ठेवायचा, एवढंच.

तेविसाव्या वेळी, रात्री दीड वाजता, त्यांच्या उशाशी बसून मी पुस्तक उघडलं. फोनवरचं नाही, बाबांचंच, कडा विरलेलं, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेलं. म्हटलं, बघू तरी हे वचन राहतं कुठे.

राहतं ते एका पत्रात. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमेतून धरून नेलेले लोक बाबेलात बसलेत आणि यिर्मया संदेष्टा त्यांना मागून पत्र धाडतो. काय लिहितो? घरं बांधा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला कैदी म्हणून नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. थोडक्यात, वळकटी सोडा, इतक्यात परत येणं नाही. मग दहावं वचन येतं: बाबेलची सत्तर वर्षं भरली की मी तुम्हाला परत आणीन. आणि त्याच्या पाठोपाठ आपलं हे अकरावं, डोंगर-घोड्यावालं.

सत्तर वर्षं! ते पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसानं मनातल्या मनात बेरीज केली असणारच. आशा खरी होती, पण ती त्याच्या हयातीत उजाडणारी नव्हती.

त्याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय तर मी आयुष्यात कधी वाचलाच नव्हता. तिथे हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा आहे. तो भर देवळात सांगतो, दोन वर्षं, फक्त दोन वर्षं, मग सगळे परत येतील. यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून घातलेलं लाकडी जू काढून सगळ्यांदेखत मोडून टाकतो. लोकांना तोच आवडला असणार. यिर्मया त्यावर पहिल्यांदा काय म्हणतो, तर "आमेन, परमेश्वर तसंच करो." इथे मला रडू आलं. त्यालाही तेच हवं होतं की! पण ते खरं नव्हतं.

तर माझा प्रश्न असा. आपण बायबल वाचतो की बायबलातून कापून दिलेलं वाचतो? आणि मला हे वचन पाठवणारी माणसं यिर्मयाचं वचन पाठवतायत की हनन्याचं?

रागानं लिहिलंय, कबूल आहे. पण तरी विचारतेय.

पायवाट

ताई, तुमच्या घरासाठी प्रार्थना करतोय. पण एक सांगू का? पाठवणाऱ्यांची चेष्टा करू नका. देवाच्या मुखातून निघालेलं वचन रिकामं परत येत नाही, असं यशयात लिहिलंय. ते घोड्यावर बसून आलं काय आणि डोंगरावर बसून आलं काय, वचन ते वचनच.

तिसरा कोंबडा

पायवाट, "वचन ते वचनच" हे म्हणताना जरा जपून. मत्तय ४ आठवा. प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन सैतान म्हणतो, खाली उडी टाक, कारण असं लिहिलं आहे, देवदूत तुला हातांवर झेलतील. हे त्याच्या पदरचं नाही, ९१ वं स्तोत्र आहे. शब्द बरोबर, संदर्भ बरोबर, मनसुबा चूक. आणि गंमत बघा, तो जिथे थांबतो त्याच्या पुढच्याच ओळीत सापाला पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे. बरोब्बर तिथे थांबला लबाड. आमच्या संडे स्कूलची पोरं हे ऐकून खूश होतात.

मोहरीताई, अठ्ठाविसाव्या अध्यायाबद्दल आभार. मी वीस वर्षं शिकवतोय आणि हनन्या एकदाही शिकवलेला नाही. का, ते आता कळतंय. तक्त्यावर चिकटवायला सोपं चित्र नाही त्यात.

निरंक

मी श्रद्धावान नाही, आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी मला वाचवायला येणार नाही. :)

कापाकापीवरून एक खरी गोष्ट. १८०७ मध्ये लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी "निवडक भाग" म्हणून. प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय आहेत, त्यातले या प्रतीत फक्त २३२. काय गाळलं? मोशे इस्राएल लोकांना मिसरातून सोडवून नेतो ती निर्गमातली सुटका. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्रही नाही, हे प्रेषित पौलाचं वाक्य. काय ठेवलं? दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा.

म्हणजे "आजचं वचन" निरुपद्रवी असेलही, पण कात्री कुणाच्या हातात आहे हा प्रश्न जुना आहे. अर्थात माझ्या मते पूर्ण पुस्तकातही पुष्कळ अडचणीचं आहे. पण तो या धाग्याचा विषय नाही.

मोहरीचा दाणा

निरंक, हे माहीत नव्हतं. पण बघा, याचा उलटाही अर्थ निघतो. धन्यांना ते पुस्तक अख्खं हातात द्यायची भीती वाटली. निर्गम कापावं लागलं, कारण न कापलेलं निर्गम गुलामाच्या हातात पडलं तर काय होईल हे त्यांना पाद्र्यांपेक्षा चांगलं समजलं होतं.

अर्धविराम

मूळ प्रश्नाला एक तांत्रिक तळटीप. "वचन" नावाचा हा सुटा तुकडा बायबलात सुरुवातीला नव्हताच. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, श्रेय बहुधा पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या स्टीफन लँग्टनला दिलं जातं. नव्या करारातले आजचे वचनांचे आकडे घातले १५५१ मध्ये, रॉबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकानं. त्याच्या मुलानं लिहून ठेवलंय की हे काम बाबांनी पॅरिसहून लिओनला जाताना प्रवासात केलं. त्यावरून थट्टा चालत आलीय की काही ठिकाणी घोडा ठेचकाळला म्हणून वचन भलतीकडेच तुटलं. (म्हणजे तुमच्या चित्रातल्या घोड्याला परंपरा आहे!)

पौलाची पत्रं तर सभेत मोठ्यानं, सलग वाचली जायची. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो सांगतोच, हे पत्र तुमच्याकडे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीत वाचायला द्या आणि त्यांचं तुम्ही वाचा. त्या ओळीचा "४:१६" असा पत्ता नंतर पंधराशे वर्षं कुणाला ठाऊक नव्हता.

जुनी पाटी

अर्धविराम, छोटी दुरुस्ती. हिब्रू शास्त्रात वाक्य संपल्याची खूण लँग्टनच्या कितीतरी आधीपासून आहे. आकडे नव्हते, तुकडे होते. बाकी मान्य.

आता भाषेचं. यिर्मया २९:११ इंग्रजीतून वाचणाऱ्यांचा अर्धा घोटाळा सर्वनामाचा आहे. इंग्रजीत एकाला आणि हजारांना एकच शब्द, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की देव माझ्या नोकरीविषयी, माझ्या लग्नाविषयी बोलतोय. मूळ हिब्रूत तिथे सरळ अनेकवचन आहे. मराठीत आपल्याला हे फुकट मिळालंय, फक्त लक्ष जात नाही. आपल्या बायबलात देव एकट्या माणसाशी बोलतो तेव्हा "तू" म्हणतो, अब्राहामाला तू, मोशेला तू, यिर्मयालाही तू. आदरार्थी "तुम्ही" तो कुणालाच म्हणत नाही. मग जिथे "तुमच्याविषयी" आलं तिथे समजायचं की समोर जमाव आहे. हे वचन एका माणसाच्या भविष्याचं नाही, एका उखडलेल्या समाजाच्या भविष्याचं आहे.

आणि आपण मात्र देवाला "तू"च म्हणतो. आईला म्हणतो तसं. हे मला फार आवडतं.

अवांतर: पंडिता रमाबाई आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या ते अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला. १९२२ मध्ये जाण्याआधी काम हातावेगळं केलं. एकटीनं. तुकडे नाही केले त्यांनी, एवढंच म्हणायचंय.

ओंजळ

बराच वेळ वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझी आई तीन वर्षं अंथरुणाला होती. मी नोकरी करून तिचं सगळं करत होते. त्या तीन वर्षांत मी एकही अध्याय सलग वाचला नाही. वाचूच शकत नव्हते, डोळे ओळीवरून घसरायचे. सकाळी फोनवर एक वचन यायचं, ते मी तिचे कपडे बदलताना मनात म्हणत राहायचे. कधीकधी त्यातले दोनच शब्द. त्या दोन शब्दांवर मी दुपारपर्यंत पोचायचे.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. तिच्याकडे सगळं मिळून चाळीस-पन्नास वचनं होती, ऐकून पाठ केलेली. मागचा-पुढचा अध्याय तिला कधी माहीत नव्हता. ती अपुरी ख्रिस्ती होती का?

सलग वाचायला हवं, हे खरं. पण सलग वाचायला एक सलग दिवस लागतो आणि तो सगळ्यांकडे नसतो.

मोहरीचा दाणा

ओंजळ, यावर लगेच उत्तर नाही माझ्याकडे. वाचून गप्प बसले.

तिसरा कोंबडा

ओंजळताईंना पुस्ती. रोज एक वचन ही फोनची देणगी नाही. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरावियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी ते सुरू केलं. चिठ्ठी काढून दिवसाचं वचन ठरायचं आणि घरोघर सांगितलं जायचं. १७३१ पासून ते दरवर्षी पुस्तकरूपानं छापलं जातंय. म्हणजे तीनशे वर्षं होत आली.

अर्धविराम

आता मी मोहरीताईंच्या विरुद्ध बाजूनं एक पत्ता टाकतो, कारण या बाजूला गर्दी झालीय.

संदर्भ सोडून वचन घेणं हे चूक असेल, तर नवा करार पहिल्या पानापासून चुकतो. मत्तय दुसरा अध्याय: योसेफ बाळाला घेऊन मिसरात पळतो, मग परततो, आणि मत्तय म्हणतो, "मी आपल्या पुत्राला मिसरातून बोलावलं" हे संदेष्ट्याचं वचन पूर्ण झालं. ते वचन होशेय ११:१ मधलं. जाऊन बघा तिथे काय आहे. होशेय भविष्य सांगतच नाहीये, मागचं आठवतोय. पुत्र म्हणजे इस्राएल लोक, आणि लगेच पुढे तक्रार आहे की मी जितकं बोलावलं तितके ते लांब गेले, मूर्तींपुढे धूप जाळत बसले. हा भाग मत्तय घेत नाही. आजच्या परीक्षेत नापास झाला असता.

दुसरं उदाहरण, ऑगस्टिन, पुढे मोठा ख्रिस्ती धर्मपंडित झालेला. इसवी सन ३८६, मिलानमधली बाग. आतून मोडलेला माणूस. शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज येतो, "घे, वाच." तो पौलाचं पुस्तक उघडतो, नजर पडेल तो तुकडा वाचतो, रोम १३ मधला, रंगेलपणा सोडा आणि ख्रिस्ताला परिधान करा असा. पुढे वाचायची गरज वाटली नाही, असं तो स्वतः सांगतो. आयुष्य बदललं. संदर्भ? शून्य.

निरंक

अर्धविराम, तुमच्या ऑगस्टिनबद्दल मला इतकंच माहीत होतं की उत्पत्तीवर लिहिताना त्यानं आपल्याच लोकांना बजावलं होतं: आकाश, ग्रह, प्राणी यांविषयी शास्त्राच्या नावानं काहीबाही बोलू नका, ज्यांना ते विषय कळतात ते हसतील आणि मग तुमचं पुनरुत्थान कोण ऐकून घेईल? पंधराशेहून जास्त वर्षं झाली त्याला. अजून लोक सहा दिवसांचे तास मोजतायत.

पायवाट

सहा दिवस म्हणजे सहा दिवस. मी तसंच मानतो.

जुनी पाटी

माना, पण मग उत्पत्तीचा पहिला आणि दुसरा अध्याय शेजारीशेजारी ठेवून वाचा. पहिल्यात आधी पशू, मग मनुष्य. दुसऱ्यात आधी मनुष्य, मग पशू. ज्यांनी हे दोन्ही एकत्र बांधले त्यांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. पण हा वेगळा धागा होईल. कृपया इथे नको.

तिसरा कोंबडा

अर्धविराम, तुमच्या पत्त्यावर माझा हुकूम. बॉनहोफर.

डीट्रिच बॉनहोफर, जर्मन पाळक, हिटलरविरोधी. जून १९३९ मध्ये मित्रांनी त्याला न्यूयॉर्कला सुरक्षित पोचवलं होतं. युद्ध दारात. तिथे तो रोज तीच मोरावियन वचनं वाचायचा आणि अस्वस्थ फिरायचा. एके दिवशी त्याच्या वाचनात दुसऱ्या तीमथ्यातली ओळ आली. म्हातारा पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो, हिवाळ्यापूर्वी ये. बस. त्याच अध्यायात पौल विसरलेला झगा आणि पुस्तकंही मागवतो, इतकं ते घरगुती आहे. जर्मनीचा, नाझींचा, विसाव्या शतकाचा त्या ओळीशी काडीचा संबंध नाही. बॉनहोफरनं रोजनिशीत लिहिलं की हे मी मला सांगितलेलं मानलं तर तो शास्त्राचा गैरवापर नाही. जुलैत तो बोटीनं परत गेला. १९४३ मध्ये पकडला गेला, ९ एप्रिल १९४५ ला फाशी.

आता संदर्भ बघितला तर चूक. पण आहे का कुणाची हिंमत त्याला चूक म्हणायची?

मोहरीचा दाणा

दोन दिवस इकडे येता आलं नाही. सगळं आत्ता वाचलं.

अर्धविराम, मत्तयाचं उत्तर नाही देऊ शकत. मला वाटतं त्याला अख्खं होशेय पाठ होतं आणि त्यात राहून तो बोलत होता, कापत नव्हता. पण हे मला वाटतं, सिद्ध नाही करता येणार.

ऑगस्टिन आणि बॉनहोफर यांच्यावर मात्र मी रात्रभर विचार केला. दोघांनी वचन स्वतःसाठी घेतलं. आणि दोघांना ते महाग पडलं. एकाला सवयी सोडाव्या लागल्या, एकाला जीव द्यावा लागला. मला आलेली तेवीस वचनं पाठवणाऱ्याला काय पडली? एक बोट. मी हे कडवटपणे नाही म्हणत आता. ओंजळनं लिहिलंय ते तिचं तिनं उचललेलं वचन होतं, तिच्या हातात काम असताना. तिच्यावर कुणी टाकलं नव्हतं.

मग ईयोब काढलं, सगळं गमावून बसलेल्या माणसाचं पुस्तक. मित्रांचा भाग. अलीफज, बिल्दद, सोफर. त्यांची भाषणं आजच्या कुठल्याही प्रार्थनासभेत खपून जातील अशी आहेत. देव न्यायी आहे, पश्चात्ताप कर, सगळं ठीक होईल. सुंदर वाक्यं. चौकटीत घालून भिंतीवर लावण्यासारखी. आणि शेवटी देव अलीफजला म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्यासारखं यथार्थ बोलला नाहीत. ईयोब, जो जवळपास तीस अध्याय भांडतोय!

पण त्या तिघांनी आधी एक गोष्ट बरोबर केली होती, ती मी विसरलेच होते. ते आले, त्याला ओळखू शकले नाहीत, मोठ्यानं रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. एक शब्द न बोलता. बिघडलं ते आठव्या दिवशी.

ओंजळ

सात दिवस. खरंय. आमच्याकडे एक बाई यायच्या, आईजवळ बसून मटार सोलायच्या आणि निघून जायच्या. प्रार्थना करू का, असंही विचारायच्या नाहीत. मला अजून त्याच आठवतात.

पायवाट

मोहरीताई, मीही माझ्या चुलतभावाला हेच वचन पाठवलं होतं त्याचं मूल गेलं तेव्हा. त्यानं उत्तर दिलं नव्हतं. मला वाटलं होतं विश्वासात कमी पडतोय.

आज फोन केला त्याला. वचन नाही सांगितलं. फार बोलणं झालं नाही, पण झालं.

अर्धविराम

पायवाट, _/\_

विलापाची भाषाच आपण हरवून बसलोय असं मला नेहमी वाटतं. १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास तक्रारीची आहेत. "किती वेळ, परमेश्वरा?" हा त्यातला ठेका. बहुतेक स्तोत्रं शेवटी वळतात, स्तुतीकडे येतात. ८८ वं येत नाही. ते अंधारात संपतं, अक्षरशः शेवटचा शब्द अंधाराचा. पण तेही आत ठेवलंय, काढून टाकलेलं नाही.

तरी काढायचा मोह प्रत्येकाला होतो, आम्हा कॅथलिकांनाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) धर्मगुरूंची दैनिक प्रार्थना नव्यानं बांधली गेली तेव्हा शापाची तीन स्तोत्रं पूर्ण वगळली, ५८, ८३ आणि १०९, आणि १३७ चा शेवट कापला. १३७ ची सुरुवात सगळ्यांना आवडते, बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो. शेवटी बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. ते सकाळी कोण म्हणणार? मला कारण समजतं. पण हे गाणारे बाबेलात नेलेले कैदीच ना मोहरीताई, तुमच्या पत्रातले? एकीकडे यिर्मया लिहितोय की या शहरासाठी प्रार्थना करा आणि दुसरीकडे ते हे गात होते. पत्र किती अवघड होतं हे त्या कापलेल्या ओळींशिवाय कळतच नाही.

निरंक

हे पटलं. माझ्यासारख्याला तर ती ओळ असलेलं पुस्तक ती ओळ लपवलेल्या पुस्तकापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतं. आवडत नाही, पण विश्वासार्ह वाटतं.

प्रामाणिक प्रश्न: बाहेरच्या माणसानं सलग वाचायचं तर कुठून? उत्पत्तीपासून सुरू केलं होतं एकदा, लेवीय मध्ये दम सुटला.

तिसरा कोंबडा

लेवीय मध्ये सगळ्यांचाच सुटतो, फक्त आमचे लोक कबूल करत नाहीत. मार्क वाचा. सोळा अध्याय, चारातलं सर्वांत छोटं शुभवर्तमान, दीड-दोन तासांत एका बैठकीत होतं. जन्मकथा नाही, वंशावळ नाही, थेट नदीवर सुरू. "लागलेच" हा शब्द इतक्यांदा येतो की धाप लागते. आकड्यांकडे बघू नका, कादंबरी वाचता तसं वाचा.

मोहरीचा दाणा

बाबांना काल यिर्मया २८ आणि २९ वाचून दाखवले. सलग. हनन्यानं जू मोडलं तिथे ते हसले, म्हणाले, "नाटकी होता."

मग मला पान जवळ धरायला सांगितलं. मी दीड वाजता वाचलं त्या रात्री मला दिसलं नव्हतं. अकराव्या वचनाला त्यांची खूण नाहीच. खूण सातव्याला आहे, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, तिथे. समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलंय: "हेही?"

कधी लिहिलंत, विचारलं. "तेव्हा एक साहेब होते," म्हणाले. पुढचं सांगतील म्हणून थांबले तर डोळा लागला होता.

ओंजळ

हेही?

वहीत लिहून ठेवलं मी.

निरंक

मार्क संपवलं. एका बैठकीत नाही, दोन. मध्ये लाईट गेली.

बरंच बोलायचंय, पण आधी एक शंका. शेवटच्या अध्यायात बायका कबरीवर जातात, दगड सरकलेला, आत पांढऱ्या झग्यातला तरुण, तो म्हणतो, तो उठला आहे, शिष्यांना सांगा. आणि आठव्या वचनात त्या थरथरत पळतात आणि भीतीमुळे कुणाला काहीच सांगत नाहीत. त्यानंतर माझ्या प्रतीत पुढचा मजकूर कंसात आहे. का? कुणी घातलाय तो?

जुनी पाटी

कारण चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या संपूर्ण प्रती, सिनाई आणि व्हॅटिकन, आठव्या वचनावरच थांबतात. पुढचं कुणीतरी नंतर जोडलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मार्कला तिथेच थांबायचं होतं की शेवटचं पान हरवलं, यावर अजून वाद आहे.

निरंक

म्हणजे त्या जुन्या प्रतींत पुस्तक "कारण त्या भ्याल्या होत्या" इथे संपतं?

जुनी पाटी

हो.

निरंक

परत वाचतो.